मॅकिनॉ बेट एका दिवसात: आधी सायकल की आधी घोडागाडी? मदत हवी आहे

जूनमध्ये अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ह्यूरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर जातोय. सकाळच्या पहिल्या बोटीने जायचं, संध्याकाळी परत. सोबत ९ वर्षांचा मुलगा आणि आई. आई सायकल छान चालवते, पण गुडघ्यांमुळे चढ आणि जिने नकोत.

१८९८ पासून तिथे मोटारींना बंदी आहे. काठाने बेटाला वळसा घालणारा एम-१८५ रस्ता साधारण १३ किलोमीटर आणि जवळपास सपाट, त्यामुळे तो आईला नक्की जमेल. सायकली तिथेच भाड्याने घेऊ. ई-बाइकवर निर्बंध आहेत, तो पर्याय धरू नका.

अडचण आर्च रॉकची. ती नैसर्गिक कमान आईला वरून, खाली निळं पाणी दिसतं तिथून बघायची आहे. काठच्या रस्त्यावरून वर जायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, आतल्या रस्त्याने सायकल नेली तर चढ. नकाशे पाहून झाले, उरते घोडागाडीची सफर. ती आर्च रॉकला थांबते.

जाऊन आलेल्यांनी सांगा: गाडीतून उतरल्यावर कठड्यापर्यंत किती चालावं लागतं, वाटेत पायऱ्या आहेत का? आणि गर्दी टाळायला सकाळी सायकल बरी की घोडागाडी?