अर्जंट मदत हवी: हॅम रेडिओच्या ८० मीटर बँडवर १०० वॉट, कॉन्टेस्ट तोंडावर आणि कोणी दादच देत नाही

फाटकी_तार:
मंडळी, सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यूला (४८ तासांची जागतिक मोर्स कॉन्टेस्ट) दोन आठवडे राहिलेत आणि माझं डोकं आउट झालंय. दोन्ही रात्री जागणार आहे, सोमवारची रजा टाकलीय, फक्त ८० मीटर, लो पॉवर. काल रात्री दीड तास सीक्यू मारला (‘कोणी आहे का’ अशी हाक), एक जपान सोडला तर शून्य. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) १.१ आहे त्यामुळे अँटेनाचा प्रश्न नाही. सेकंडहँड लिनिअर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) मिळतोय, घेऊ का? संध्याकाळपर्यंत त्या माणसाला कळवायचंय, पटकन सांगा.

डिडाडिट:
अँटेना कुठला, किती उंच, रिग म्हणजे रेडिओ सेट कुठला, गाव कुठलं, लायसनची ग्रेड कुठली? यातलं एकही लिहिलेलं नाही. आणि लो पॉवर म्हणजे १०० वॉटपर्यंत. लिनिअर लावलास की हाय पॉवरमध्ये गेलास, मग नक्की करायचंय काय?

शॅकमधले_काका:
१.१ डमी लोडलाही (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) येतो हो. म्हणून काय त्यावर जर्मनी लागते?

फाटकी_तार:
लिहिलं नाही का, सॉरी. पुणे, चार मजली बिल्डिंगची गच्ची, आयकॉम ७१८, जनरल ग्रेड, डायपोल (मधोमध जोडलेली आडवी तार). काका, टोमणे नंतर मारा.

डिडाडिट:
८० चा डायपोल ४० मीटर लांब होतो. पुण्यात ४० मीटरची गच्ची कुणाला मिळाली?

फाटकी_तार:
सरळ नाही मावला म्हणून कठड्याच्या कडेकडेने दोनदा वळवलाय. कठड्यापासून वीतभर वर असेल. सोसायटीवाले खांब लावू देत नाहीत.

शॅकमधले_काका:
मग स्लॅबमधल्या सळया गरम करतोयस तू. जे थोडंफार बाहेर पडतंय ते सरळ वर जातंय, नागपूर-कोल्हापूरला झकास पोचेल, युरोपला नाही. माझं ऐक, बुरूड आळीतून पंचवीस फुटी बांबू आण, टाकीला बांध, तार जेवढी उभी नेता येईल तेवढी ने आणि उरलेली आडवी ताण, एकूण साधारण २० मीटर. इन्व्हर्टेड एल. खाली गच्चीभर आठ-दहा रेडियल (जमिनीचं काम करणाऱ्या तारा) पसर. बांबूला सोसायटी नाही म्हणत नाही, तुळशीच्या लग्नाचा मांडव समजतात, स्वानुभव.

उसाचा_फड:
शहरात राहून ८० मीटर कशाला करता राव. आमच्याकडे सांगलीला या. बांधावरून दीडशे मीटर बेव्हरेज अँटेनाची तार टाकलीय युरोपच्या दिशेनं, ऐकायला असा अँटेना नाही. गेल्या साली शेजाऱ्याची म्हैस त्यात गुरफटली आणि खांबासकट ओढत गेली, ते वेगळं.

फाटकी_तार:
दादा, दीडशे मीटरमध्ये आमच्या चार सोसायट्या बसतात.

डिजिटल_देवा:
एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) कर की! ५ वॉटमध्ये अख्खं जग, रात्री जागायला पण नको.

शॅकमधले_काका:
सीडब्ल्यू कॉन्टेस्टमध्ये एफटी८ चालत नाही. कॉम्प्युटरला कॉम्प्युटरशी गप्पा मारू दे, आम्ही चहा घेतो.

डिजिटल_देवा:
काका, तुमच्या या अशा बोलण्यामुळेच नवीन पोरं हॅममध्ये येत नाहीत.

नवाकोरा:
नमस्कार, ट्रेकला जाताना वॉकीटॉकी वापरायला लायसन लागतं का? आणि किती किलोमीटर जातो?

डिडाडिट:
@नवाकोरा वेगळा धागा काढा प्लीज.
@फाटकी_तार लिनिअरचं उत्तर नाही असं आहे. शंभरचे चारशे वॉट केलेस तर ६ डीबी, म्हणजे जेमतेम एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरचा एक आकडा, एस५ चा एस६), त्यासाठी एवढे पैसे? आपला झोन २२ लोकांना मल्टिप्लायर (ज्याने एकूण गुण गुणले जातात असा नवा झोन किंवा देश) म्हणून हवा असतो, व्हीयू म्हणजे भारतीय स्टेशन ऐकू आलं की आपणहून बोलावतात. बोलावलेलं तुला ऐकू येतंय का हा खरा प्रश्न. मीटरवर नॉइज किती?

फाटकी_तार:
एस९. पुण्यात असतोच ना तेवढा? दिवाळीआधी एस५ होता, पण तेव्हा सिझन वेगळा होता.

डिडाडिट:
अरे हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! थंडीत ८० मीटर शांत होतो, वाढत नाही. रेडिओ बॅटरीवर लाव आणि घराचा मेन स्विच पाड. नंतर एकेक एमसीबी चालू करत मीटर बघ.

उसाचा_फड:
आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये हे आपोआप होतं.

डिडाडिट:
आणि वेळा लिहून ठेव. कॉन्टेस्ट शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, तेव्हापासून सूर्योदयानंतर थोडा वेळ बसायचंच, कारण सोमवारी साडेपाचलाच संपते आणि तो सूर्योदय हातचा जातो. दिवसा झोप काढ, ८० वर काही नसतं. अंधार पडला की जपान, पण आशियाला एकच गुण. रात्री नऊ-साडेनऊनंतर युरोप उघडतो, तिथे तीन-तीन. व्हीयू-व्हीयूला शून्य, पण मल्टिप्लायर म्हणून एक जरूर घे.

फाटकी_तार:
लिनिअर नको म्हणून कळवलं. मेन पाडला, आई ओरडली, पण एस९ चा थेट एस४! एकेक एमसीबी चालू केला, हॉलचा लावला की परत एस९. मग प्लगं काढत बसलो. राउटर नाही, टीव्ही नाही. देवघरातली एलईडी माळ निघाली, दिवाळीला मीच आणलेली. आई म्हणते देवाच्या उजेडाला हात लावायचा नाही.

शॅकमधले_काका:
समई लाव. शून्य नॉइज.

फाटकी_तार:
४८ तास तेल कोण घालणार?

शॅकमधले_काका:
जागा तूच आहेस ना?

नवाकोरा:
वॉकीटॉकीचं कोणी सांगितलं नाही.