छातीच्या फोटोतला डाग म्हणजे शिल्लक राहिलेला क्षय नव्हे

सह्यकडा : कालच्या लेखात एक विधान आहे : सहा महिन्यांच्या औषधांनंतरही छातीच्या फोटोत डाग दिसत असेल, तर क्षय बरा झालेला नाही असे समजून ताबडतोब सीटी स्कॅन करावे. हे वाचून किती बरे झालेले रुग्ण हादरतील, याचा लेखकाने विचार केलेला नाही. डाग हा बहुधा भरलेल्या जखमेचा व्रण असतो. जंतू जिवंत आहेत की नाहीत, हे बेडका सांगतो.

शंकासुर : बेडक्याचे एवढे कौतुक असेल, तर २०१९-२१ चे राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणही पाहावे. फोटो काढले नसते, तर त्यातले ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते.

सह्यकडा : ते रुग्ण शोधण्याविषयी झाले. इथे प्रश्न आजार किती शिल्लक आहे, हा आहे. विषय बदलू नये.

क्षकिरण : तीव्रता फोटोवरून मोजता येते, मात्र उपचार सुरू करताना. इंडोनेशियातील टिमिका येथील रुग्णांवरून बसवलेल्या पद्धतीत फुप्फुसाचा जितके टक्के भाग बाधित, तितके गुण देतात आणि पोकळी असल्यास आणखी ४० मिळवतात. बेरीज ७१ च्या पुढे गेली, तर दोन महिन्यांनंतरही बेडका पॉझिटिव्ह राहण्याची शक्यता वाढते, कारण पोकळीत जंतू अफाट असतात आणि तिच्या भिंतीतून औषध नीट पोहोचत नाही.

खारवी : गुणांचे राहू द्या. माझ्या धाकट्या भावाचे उपचार पूर्ण झाले, बेडका निगेटिव्ह आला, तरी आखातातल्या नोकरीच्या तपासणीत उजव्या फुप्फुसाच्या टोकावरच्या चार पुसट रेघांवरून त्याला 'अनफिट' ठरवले. तुलनेसाठी नेलेला जुना फोटो तिथल्या माणसाने पाकिटातून बाहेरही काढू दिला नाही. एजंटाला दिलेले पैसे कर्जाचे होते.

शंकासुर : त्यांचा देश, त्यांचा नियम. क्षय उलटतो, हे तुम्हीही नाकारणार नाही.

खारवी : उलटू शकतो म्हणून आजच आजारी ठरवायचे? मग आमच्या रत्नागिरीतली निम्मी पोरे घरीच बसवा! तुमच्या घरातल्या कुणाचा व्हिसा अडला असता, तर 'त्यांचा नियम' इतक्या सहज लिहिले असते का?

क्षकिरण : खारवींचा मुद्दा रास्त आहे. एकट्या फोटोवरून व्रण जुना की आजार चालू, हे ठामपणे सांगता येत नाही. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून सावली तशीच आहे का, हे पाहावे लागते. सीटीत अधिक दिसते, पण साध्या फोटोच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त किरणोत्सर्ग होतो. बरे झाल्यावर खोकल्यातून रक्त पडू लागले, तर मात्र सीटी टाळू नये, कारण जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा झालेला असू शकतो.

शंकासुर : म्हणजे सीटी लागते तर!

सह्यकडा : रक्त पडत असताना सीटी नको, असे मी कुठे म्हटले? मूळ लेखात 'रक्त' हा शब्द दाखवा, आपली माघार लेखी देतो.

शंकासुर : शब्द नाही. झाले समाधान?

खारवी : तुमची समाधाने नंतर होऊ द्या. क्षकिरण, दोन फोटो सारखे आहेत आणि बेडका निगेटिव्ह आहे, असे एका कागदावर कोण लिहून देते : जिल्हा क्षयरोग अधिकारी की छातीचे डॉक्टर?