मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करताना लो-कट (खालचे, खर्जातले आवाज कापणारा फिल्टर) चालू ठेवायचा का?

नमस्कार मंडळी. गाव अमळनेर तालुक्यात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळे जमलो होतो, तेव्हा आजीच्या अहिराणी ओव्या रेकॉर्ड केल्या. कंडेन्सर माइक छोट्या स्टँडवर, जात्यापासून हातभर अंतरावर, ओसरीच्या फरशीवर. मोबाइलवर ऐकलं तर झकास. भाच्याच्या मोठ्या स्पीकरवर लावलं आणि खालून नुसता ट्रक चालल्यासारखी गुरगुर! प्रत्येक फेऱ्याला मीटर लाल होत होता, तिथे आजीचा आवाजही फाटलाय.

माइकवर डावीकडे खाली वाकलेल्या रेघेचं एक बटण आहे, बाजूला ८० लिहिलंय. ते दाबू का? भीती अशी की जात्याची घरघरच गेली तर उरलं काय? जातं बाजूला ठेवून गा म्हटलं तर आजी म्हणते, "जातं थांबनं ते ओवी बी थांबनी."

प्रतिसाद १:
दाबा, लो-कटचंच बटण आहे ते. ८० म्हणजे ८० हर्ट्झ; तिथे भिंत नसते, उतार असतो. १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा (हर्ट्झ निम्मे झाले की १२ डीबी घट) फिल्टर असेल तर ४० हर्ट्झचा आवाज साधारण १२ डीबीने खाली येतो. बायकांच्या बोलण्याची मूळ पट्टी साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ. वयाने थोडी उतरली तरी ८० पासून लांबच. दगडावर दगड घासल्याची खरखर त्याहून बरीच वर असते, ती राहील. जाईल ती फरशीतून स्टँडमध्ये चढलेली थरथर. मोबाइलचा स्पीकर एवढं खालचं वाजवतच नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

प्रतिसाद २:
एरवी मी म्हणेन, रेकॉर्डिंग सपाट, म्हणजे फिल्टरशिवाय करा आणि लो-कट नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावा. नाही आवडला तर काढता येतो, माइकवरचा काढता येत नाही. पण तुमचा मीटर त्या गुरगुरीनेच लाल होतोय, तेव्हा बटण आधीच दाबलेलं बरं. फाटलेला आवाज मागाहून कुठलाच फिल्टर शिवून देत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या.

त्याआधी स्टँडखाली गोधडीची चौपदरी घडी घाला. निम्मं दुखणं तिथेच आहे.

धागाकर्ता:
गोधडी आणि बटण, दोन्ही करून पाहिलं. हेडफोन लावून ऐकलं: गुरगुर गेली, खरखर जागेवर, बांगड्यासुद्धा स्पष्ट. पण मागे एक बारीक 'हूं' येतोच. आतल्या खोलीत कूलर चालू होता.

प्रतिसाद २:
आपली वीज ५० हर्ट्झची. मोटारीचा हूं बहुतेक १०० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत असतो, तिथे ८० चा लो-कट काय करणार? कट १५० वर नेऊ नका, आजींचा आवाज डब्यात बसल्यासारखा होईल. कूलरच बंद करा.

धागाकर्ता:
मे महिन्यात, खान्देशात, दुपारी कूलर बंद! माझं काही नाही, आजी घामाघूम होईल. तसंही ती म्हणतेच की दळण पहाटेचं असतं, तुम्हीच दुपारी बसवता. उद्या पाचला माइक लावतो. कोंबड्यासाठी कुठलं बटण असेल तर तेवढं सांगून ठेवा.