इसाक आला, गेही राहिला

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५ (सोसायटीतल्या फुटबॉलप्रेमींचा ग्रुप, बहुतेक लिव्हरपूलचे चाहते)

ए-६०३ दादा: आला रे आला! न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक लिव्हरपूलचा झाला! १२५ मिलियन पौंड, सहा वर्षांचा करार, ९ नंबरचा शर्ट. ब्रिटनमधल्या कुठल्याच क्लबने एका खेळाडूसाठी आजवर एवढे पैसे मोजलेले नाहीत. काल खरेदीविक्रीचा शेवटचा दिवस, क्लबने फोटो टाकेपर्यंत जागा होतो.

सी-३०१ ताई: मीपण जागीच होते. नंतर क्रिस्टल पॅलेसच्या गेहीचं वाचलं आणि झोपच उडाली.

ए-१०२: गेहीचं काय झालं? मी लवकर झोपलो.

सी-३०१ ताई: मेडिकल झालं होतं, ३५ मिलियनला व्यवहार ठरला होता, कागदपत्रंसुद्धा पाठवली होती. ऐनवेळी क्रिस्टल पॅलेसने नाही म्हटलं. त्याच्या जागी ब्रायटनचा इगोर यायचा होता, तो वेस्ट हॅमला गेला. मग त्यांचा कोच ग्लासनर कॅप्टनला कसा सोडणार?

ए-६०३ दादा: वाईट झालं, पण एका सेंटर बॅकसाठी, म्हणजे मधल्या बचावपटूसाठी, आजचा आनंद का घालवायचा? विर्ट्झ, एकिटिके, केर्केझ, फ्रिम्पाँग, लिओनी आणि आता इसाक. चॅम्पियन संघाने इतकी खरेदी केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी याच सुमारास फक्त किएझा आला होता आणि झुबिमेंडी नाही म्हणाला म्हणून आपण सगळे डोकं धरून बसलो होतो.

बी-२०४ काका: आनंद मलाही आहे. मार्चमध्ये वेम्बलीला कॅराबाओ कपच्या फायनलमध्ये इसाकने आपल्याविरुद्ध मारलेला गोल अजून डोळ्यांसमोर आहे, २-१ ने हरलो होतो. गेल्या मोसमात लीगमध्ये त्याचे २३ गोल, पुढे एकटा सालाह, २९ गोलांचा. असा स्ट्रायकर येत असेल तर नको कोण म्हणेल?

पण या उन्हाळ्याचा हिशेब मी गेहीपासूनच मांडणार. व्हॅन डाइक जुलैत ३४ वर्षांचा झाला. कोनाटेचा करार पुढच्या जूनमध्ये संपतो आणि त्याने अजून सही केलेली नाही. गोमेझ चांगला आहे, पण त्याचं शरीर साथ देत नाही. लिओनी अवघा १८ वर्षांचा. चौथा सेंटर बॅक क्वान्सा होता, तो आपणच लेव्हरकुसेनला विकला. एक विकला, त्याच्या जागी शिकणारा पोरगा आणला, आणि खरा तयार माणूस आणायचं काम शेवटच्या दिवसावर ढकललं. लीग, चॅम्पियन्स लीग, दोन कप. चार स्पर्धा या चौघांवर निघणार का?

ए-६०३ दादा: काका, क्वान्साला आपला कोच स्लॉटने गेल्या मोसमात पहिल्याच लीग मॅचमध्ये, इप्सविचला, हाफ टाइमला बाहेर काढलं होतं. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणूनच विकला ना? आणि जवळपास ३० मिलियन मिळाले.

बी-२०४ काका: विकायला माझी हरकत नाही रे. पोराला खेळायला मिळायला हवं, २१ वर्षांखालची युरो जिंकून आलाय तो. माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी आणा, मग सोडा.

बी-७०१: आर्सेनलवाला मध्ये बोलतोय, चालेल ना? रविवारी तुमच्या ॲनफिल्डवर आमचा सेंटर बॅक सालिबा पाचव्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. आम्ही मोस्केराला उतरवलं आणि पुढचा जवळजवळ सगळा सामना तो व्यवस्थित खेळला. सोबोस्लायची ती फ्रीकिक सोडली तर तुम्हाला फारसं काही मिळालं नाही. सालिबा आणि गब्रिएल असतानाही आम्ही मोस्केरा घेतला आणि काल लोनवर इन्कापिएसुद्धा आणला. गेल्या दोन वर्षांत दुखापतींनी आमचं काय झालं ते आम्ही भोगलंय.

बी-२०४ काका: अगदी हेच! तू बोललास ते बरं झालं. रविवारी आपला राइट बॅक कोण होता? सोबोस्लाय. मिडफिल्डर. फ्रिम्पाँग आणि ब्रॅडली दोघेही सुरुवातीच्या अकरात नव्हते. तो सुंदर खेळला, ८३ व्या मिनिटाला फ्रीकिकवर मॅचही जिंकून दिली, पण तिसऱ्याच मॅचला ही वेळ यावी?

ए-१०२: मला एक बेसिक शंका आहे. पॅलेसला डिफेंडर हवा होता तर आपण त्यांना एक खेळाडूच का नाही दिला? अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये तर असंच करतात. गेल्याच आठवड्यात डॅलस काउबॉइजने मायका पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सकडे पाठवलं, बदल्यात केनी क्लार्क आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, घेतले.

सी-३०१ ताई: तिकडे ट्रेडमध्ये खेळाडूचा चालू करारच उचलून दुसऱ्या संघाकडे जातो. पगार ठरलेला असतो, आणि बहुतेक वेळा खेळाडूला विचारावंही लागत नाही. आपल्या फुटबॉलमध्ये जुना करार मोडतो आणि नव्या क्लबशी नवा होतो. म्हणजे अदलाबदल करायची तर दोन क्लब, दोन खेळाडू, दोन एजंट, दोन पगार, हे सगळं एकाच वेळी जुळायला हवं. म्हणून क्वचितच होतं. जानेवारी २०१८ मध्ये आर्सेनलने सांचेझ दिला आणि मँचेस्टर युनायटेडकडून मिखितारियान घेतला, ते एक ठळक उदाहरण.

बी-७०१: आणि दोन्ही क्लबच्या हाती फारसं काही लागलं नाही. 🙏

सी-३०१ ताई: शिवाय ड्राफ्ट पिकसारखी गोष्ट इकडे नाहीच. पैसा आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा, एवढंच देता येतं.

ए-१०२: समजलं ताई. मग एवढा पैसा आला कुठून? ४०० मिलियनच्या वर गेला म्हणतात. नियम आहे ना काहीतरी, तीन वर्षांत १०५ मिलियनपेक्षा जास्त तोटा चालत नाही?

सी-३०१ ताई: आहे. पण विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशेबात एकदम लागत नाही. कराराच्या वर्षांवर ती विभागली जाते, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. इसाकचा करार सहा वर्षांचा असला तरी १२५ ला पाचाने भागायचं, म्हणजे वर्षाला २५ मिलियन. विकताना उलटं. खेळाडूची जेवढी किंमत वहीत अजून शिल्लक असेल ती वजा जाते, बाकी सगळा त्याच वर्षाचा नफा. क्वान्सा तर अकादमीतला, त्याची वहीतली किंमत शून्य, म्हणजे पूर्ण रक्कम नफा. आपला राइट बॅक ट्रेंट, तोही अकादमीतलाच, त्याचा करार संपतच आला होता, तरी क्लब वर्ल्ड कपला आधी सोडावं म्हणून रेआल माद्रिदने जे सुमारे १० मिलियन युरो दिले तेही तसेच. त्यात डियाझ बायर्नला, नुनियेज अल हिलालला, डोक बोर्नमथला, केलेहर ब्रेंटफर्डला. भरपूर विकलंय आपण. आणि गेल्या उन्हाळ्यात जवळपास काहीच खर्च केला नव्हता, हेही धरा.

म्हणून पैशावरून मला या क्लबला नावं ठेवायची नाहीत. ज्यांनी हे जमवलं त्यांनी काम फार नीट केलंय.

ए-६०३ दादा: तेच तर मी म्हणतोय!

बी-२०४ काका: ताई, हिशेब पटला. पण असं बघा, पैसा होता म्हणजे गेहीसाठीही होता. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला का नाही आणला? पॅलेसने त्याच महिन्यात एझे आर्सेनलला दिला. एकदा एझे गेल्यावर ते कॅप्टनलाही सहज सोडतील असं कुणाला वाटलं?

काल एकाच दिवशी दोन व्यवहार होते आणि दोन्ही साखळीवर लटकलेले होते. न्यूकॅसलने आधी वोल्टेमाडे आणला, मग विसाचं पक्कं केलं, तेव्हा इसाक सुटला. पॅलेसची साखळी इगोरपाशी तुटली. न्यूकॅसलला आपण आठवडेच्या आठवडे दिले. ऑगस्टच्या सुरुवातीला ११० मिलियनची ऑफर देऊन ठेवली, त्यांनी नाकारली तरी शोधाशोध करायला त्यांना महिना मिळाला. पॅलेसला आपण काय वेळ दिला? करार जूनमध्ये संपतोय, शेवटी देतीलच, थोडे स्वस्तात देतील, असं धरून बसलो. शेवटच्या दिवशी घासाघीस करणाऱ्याच्या हाती असंच लागतं.

बी-७०१: काका, हा मुद्दा पटला.

ए-६०३ दादा: मलाही पटतोय. पण काका, तुमच्या मते इसाक न घेता गेही घ्यायला हवा होता का? खरं सांगा.

बी-२०४ काका: नाही. दोघेही हवे होते. पण एकालाच घेता आलं असतं तर मी गेही घेतला असता. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं हेच.

कारण सांगतो. जानेवारी २०११ चा शेवटचा दिवस आठवा. टोरेस ५० मिलियनला चेल्सीला गेला आणि त्याच दिवशी आपण न्यूकॅसलच्याच स्ट्रायकरसाठी, अँडी कॅरोलसाठी, ३५ मिलियन मोजले. लीगमध्ये त्याने आपल्यासाठी एकूण ६ गोल केले. इसाक कॅरोल नाही, ते मला कळतं. इसाक हा सिद्ध झालेला खेळाडू आहे. पण त्या दिवसानंतर मोठा आकडा बघून मी हुरळून जात नाही. मग २०१४, सुआरेझ ७५ मिलियनला गेला आणि तो पैसा आठ-नऊ नावांवर उधळला गेला, त्यात बालोतेली होता. आणि मग २०१८. कुटिन्यो बार्सिलोनाला गेला तेव्हा आपण रडलो होतो. पण त्याच महिन्यात व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात ॲलिसन आला. एक सेंटर बॅक, एक गोलकीपर. २०१९ ला युरोप जिंकलं, २०२० ला तीस वर्षांनी लीग. माझ्या आयुष्यात आपल्या क्लबने केलेली सगळ्यात शहाणी खरेदी ती. तेव्हा पुढे सालाह, माने, फर्मिनो होतेच, म्हणून आपण मागे बघितलं. आजही पुढे सालाह, गाकपो, विर्ट्झ, एकिटिके आहेत. आज का नाही बघितलं?

सी-३०१ ताई: काका 👏 एकच जोडते. त्या यादीत जोटा असायला हवा होता.

ए-६०३ दादा: 💔

बी-२०४ काका: हो. त्याच्याबद्दल लिहायला हात उचलत नाही. एप्रिलमध्ये एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा, आपल्यासाठी मारलेला शेवटचा. ३ जुलैला सकाळी तो गेल्याची बातमी आली तेव्हा कुणाला खरेदीविक्रीचं भान होतं? २० नंबर आता कुणीच घालणार नाही. प्रत्येक मॅचला विसाव्या मिनिटाला सगळं मैदान त्याच्यासाठी गातं.

ए-१०२: पहिल्या मॅचला ते ऐकताना मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो.

सी-३०१ ताई: अशा उन्हाळ्यात या खेळाडूंनी सराव केला आणि तीन पैकी तीन मॅच जिंकल्या, हे मी विसरणार नाही.

ए-६०३ दादा: आणि म्हणूनच मला वाटतं, काका, की पुढच्या फळीत जास्त माणसं लागणारच होती. डियाझ गेला, म्हणजे गेल्या मोसमातले लीगचे १३ गोल गेले. नुनियेज गेला. जोटा नाही. तीन फॉरवर्ड कमी झाले आणि दोन आले, विर्ट्झ तर दहा नंबरचा, स्ट्रायकरच्या मागे खेळणारा. सालाह ३३ वर्षांचा, डिसेंबर-जानेवारीत आफ्रिका कपला जाणार. न्यूकॅसलविरुद्ध शंभराव्या मिनिटाला कुणी जिंकवलं? सोळा वर्षांच्या न्गुमोहाने! बेंचवरून सोळा वर्षांचा मुलगा आणावा लागला. इसाक गरजेचा होता, हौसेचा नव्हता.

बी-२०४ काका: हा मुद्दा मात्र मला मोडता येत नाही. असं तीन गेले, दोन आले म्हणून मी मोजलंच नव्हतं. डियाझ गेल्याचं दुःख अजून आहे, मागे धावून येणारा तसा विंगर लवकर मिळत नाही. मान्य, इसाक गरजेचा होता.

पण दादा, त्याच मॅचमध्ये दोन गोलांची आघाडी घेतली होती आपण. समोर दहा जण. तरी २-२ झाले. बोर्नमथविरुद्धही २-० वरून २-२. सेमेन्यो अर्ध्या मैदानातून एकटा पळत आला आणि त्याला अडवायला कुणी नव्हतं. पॅलेसविरुद्ध कम्युनिटी शील्डमध्येसुद्धा दोनदा आघाडी घालवली.

बी-७०१: त्यात दोष सेंटर बॅकचा कमी आणि समोरच्या मोकळ्या जागेचा जास्त वाटतो मला. दोन्ही फुल बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, एकदम वर जातात. तुमचा मिडफिल्डर ग्राव्हेनबर्ख बोर्नमथविरुद्ध नव्हता. रविवारी होता आणि आम्हाला एकही गोल करता आला नाही.

सी-३०१ ताई: बरोबर निरीक्षण. ट्रेंट आणि रॉबर्टसनची जोडी इतकी वर्षं एकत्र खेळली की कोण वर गेला की कोणी थांबायचं हे त्यांना न सांगता कळायचं. केर्केझ २१ वर्षांचा, फ्रिम्पाँग तर लेव्हरकुसेनला विंग बॅक होता, मागे तीन जण असायचे. त्यांना वेळ लागणार.

बी-२०४ काका: म्हणजे तोवर मागच्या दोघांवरच जास्त भार. फिरून तिथेच आलो बघा.

ए-१०२: जानेवारीत गेही येईल का परत?

सी-३०१ ताई: जानेवारीपासून तो परदेशी क्लबशी थेट बोलू शकतो आणि जूनमध्ये कुठेही फुकट जाऊ शकतो. त्याला हवे असलेले क्लब बरेच निघतील. आपण एकटे रांगेत नसू.

ए-६०३ दादा: तोवर ग्राव्हेनबर्ख किंवा एंडो गरज पडली तर मागे खेळू शकतात. एंडो खेळलाय आधी.

बी-२०४ काका: खेळलाय, जीव ओतून खेळलाय. पण चॅम्पियन्स लीगच्या उंच स्ट्रायकरसमोर त्याला तिथे उभं करू नये.

ए-६०३ दादा: बरं, १४ तारखेला बर्नली. माझी टीम: ॲलिसन, सोबोस्लाय, कोनाटे, व्हॅन डाइक, केर्केझ, ग्राव्हेनबर्ख, मॅकॲलिस्टर, सालाह, विर्ट्झ, गाकपो, एकिटिके. इसाक साठाव्या मिनिटाला. त्याने पूर्ण प्रीसीझन सराव केलेला नाही, घाई नको.

सी-३०१ ताई: मीही इसाकला लगेच उतरवणार नाही. तीन दिवसांनी ॲटलेटिको आहे.

बी-२०४ काका: टीम पटली. फक्त कोनाटेच्या जागी गोमेझ घे. ॲटलेटिकोविरुद्ध कोनाटे ताजा हवा, आणि गोमेझला खेळवायचंच असेल तर आत्ताच खेळवायला हवं, डिसेंबरात अचानक नाही.