लंडनचे टॅक्सीचालक: हिप्पोकॅम्पस खरोखर वाढतो का?

वाटसरू:
लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या परवान्यासाठी शहराच्या मध्यभागी असलेल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूतल्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. तो पाठांतराने वाढला, की मुळातच मोठा असलेली माणसे या धंद्यात टिकतात?

निशिगंध:
शंका रास्त आहे. त्या अभ्यासात प्रत्येकाचा मेंदू एकदाच तपासला असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगता येत नव्हते. २००६ साली त्याच शहरातल्या, ठरलेल्या मार्गांवरच गाडी चालवणाऱ्या बसचालकांशी तुलना झाली आणि निव्वळ वाहन चालवण्याने हा फरक पडत नाही, हे दिसले. निर्णायक ठरला तो वूलेट आणि मॅग्वायर यांचा २०११ सालचा अभ्यास. त्यात टॅक्सी-परवान्याच्या ७९ उमेदवारांचे मेंदू रस्ते शिकण्याच्या सुरुवातीलाच तपासले होते. तेव्हा पुढे उत्तीर्ण होणाऱ्यांत आणि न होणाऱ्यांत काहीच फरक नव्हता. काही वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांतच हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागातले करडे द्रव्य (मेंदूपेशींनी भरलेला भाग) वाढलेले होते. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती अशी की, हे सगळे प्रौढ वयात घडले.

दिशा:
याची किंमतही मोजावी लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने आठवणीतून काढायच्या चाचणीत हेच चालक मागे पडले.

वाटसरू:
आभार. मग हिप्पोकॅम्पसला इजा झाली, तर पाठ केलेले शहर पुसले जाते का?

निशिगंध:
पूर्ण नाही. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या एका टॅक्सीचालकाला संगणकावर उभारलेल्या लंडनमध्ये गाडी चालवायला दिली होती. हमरस्त्यांवरून तो नीट जाई, खुणेच्या इमारतीही ओळखी. पण आडरस्त्यांत शिरावे लागले की वाट चुके. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागीच चेतणाऱ्या पेशी सापडल्या होत्या, त्यामुळे सगळा नकाशा तिथेच साठवलेला असेल असे वाटणे साहजिक आहे. या रुग्णावरून मात्र असे दिसते की जुन्या शहराचा ढोबळ सांगाडा हिप्पोकॅम्पसविनाही टिकतो, आणि बारीकसारीक गल्ल्यांसाठी हिप्पोकॅम्पस शेवटपर्यंत लागतो.