जुनी छोटी कार्गो व्हॅन घेऊ का? गाडी आवडलीय पण दोन-तीन गोष्टी खटकतायत

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे, विकणारा रविवारपर्यंतच थांबतो म्हणालाय.

आधी माझं काम सांगते म्हणजे गाडी कशाला हवी ते कळेल. मी जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करते, खुर्च्या, टीपॉय, छोटी कपाटं, लोकांच्या घरून आणायचं आणि झालं की पोचवायचं. आत्तापर्यंत हॅचबॅकची मागची सीट पाडून भागवलं, मोठं काही असलं की भाड्याची गाडी. पण ती आपल्या वेळेला मिळत नाही आणि मागच्या महिन्यात एका आजोबांच्या आरामखुर्चीचा हात माझ्याच गाडीत चढवताना दाराला घासला, नुकतंच पॉलिश केलेलं, दोन दिवसांचं काम परत करावं लागलं. त्या आजोबांनी खुर्ची त्यांच्या वडिलांची म्हणून जपून ठेवलेली, मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की आता व्हॅन घ्यायचीच. कांगू, बर्लिंगो, कॅडी या साइझची, पुढे दोन सीट, मागे बंद डबा, बाजूला सरकता दरवाजा, बास.

एक बघितलीय. ७ वर्षांची, डिझेल, मॅन्युअल, रनिंग १ लाख ८२ हजार किमी. मालक एकच, पण तो मालक म्हणजे पार्सल पोचवणारी कंपनी, आता गाडी वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याकडे आलीय. याच वयाच्या बाकी गाड्यांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी सांगतोय, त्यामुळे मोह होतोय हे खरं.

चांगलं आधी सांगते. बॉडी सरळ आहे, दारांच्या फटी सगळीकडे सारख्या, खाली वाकून बघितलं तर गंज फक्त मागच्या दाराच्या कडेला थोडासा. मागे आतून सगळीकडे प्लाय मारलेला आहे, पुढे पक्कं पार्टिशन आहे म्हणजे ब्रेक मारल्यावर कपाट डोक्यात येणार नाही. टेप घेऊनच गेले होते. डब्याची लांबी १८० सेंमी, प्लायची ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट तशीही मावणार नव्हती, ती मी दुकानातच अर्धी कापून घेते. पण दोन चाकांच्या कमानींच्या मधे भरलं १२१ आणि शीटची रुंदी असते १२२! एका सेंटिमीटरने अडलंय, अर्धी कापलेली शीटसुद्धा खाली सपाट बसणार नाही.

आता खटकलेलं.

मी सांगून गेले होते की सकाळी १० ला येते, आणि गेले तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. तो म्हणाला जागेवरून काढून लावली म्हणून. असेल तसं, पण मला थंड इंजिन सुरू होताना ऐकायचं होतं.

दुसरं म्हणजे सर्व्हिसचं पुस्तक १ लाख २१ हजारापर्यंत एकदम व्यवस्थित, दर वेळचे शिक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. ६१ हजार किमी गाडी चाललीय आणि एक पावती नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) बदललाय का विचारलं तर "बदललाच असेल, कंपनीची गाडी होती" हे उत्तर.

तिसरं, मैत्रिणीचा छोटा स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, लावून बघितला. एकही कोड नाही, मला बरं वाटलं, पण तीच म्हणाली की खाली रेडीनेसच्या बऱ्याचशा टेस्ट अपूर्ण दाखवतायत. याचा अर्थ नक्की काय घ्यायचा?

आणि एक, रिकामी उभी असताना मागून बघितलं तर उजवी बाजू साधारण दोन बोटं खाली वाटते.

माझं रोजचं चालवणं म्हणजे ४-५ किमीच्या फेऱ्या, दिवसाला तीन-चार, महिन्यातून एखाद्या वेळी लांब. वजन फारसं नाही, सामान नुसतं अवजड असतं. मग घेऊ का, बेल्टचा खर्च धरून भाव पाडून घेऊ का, का सोडून देऊ? ज्यांनी अशी जुनी कामाची गाडी घेतलीय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

बेल्टपासून सुरुवात करू. पावती नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं, तोंडी "असेल" ला काही किंमत नाही. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, जे आधी येईल ते. आणि आजच्या बहुतेक डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग नुसता बेल्ट नाही, इंजिनाचं हेड उघडावं लागतं. आधी मात्र त्या इंजिनाला बेल्ट आहे का चेन ते इंजिन नंबरवरून नक्की करा. बेल्ट असेल तर सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि बेल्टवरच फिरणारा असेल तर वॉटर पंपही बदलायचा, कारण मजुरी सगळी तिथपर्यंत पोचण्याचीच असते.

रेडीनेसचं असं आहे की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या काही तपासण्या चालवता चालवता पूर्ण करत असतो. कोणी कोड पुसले किंवा बॅटरी काढली की त्या सगळ्या परत शून्यावर येतात. बॅटरी नवीन घातली असेल तर निर्मळ कारण आहे, तारीख बघा बॅटरीवर. नसेल तर कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय. तुम्ही एकच करा, गाडी नीट ३०-४० किमी चालवा आणि परत स्कॅनर लावा, पुसलेलं बरेचदा परत येतं.

आणि तुम्ही जे शेवटी सहज लिहिलंय ना, ४-५ किमीच्या फेऱ्या, माझ्या मते तीच या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे. या वयाच्या डिझेल गाडीला धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं एका चालीने गाडी पळावी लागते. तुमच्या फेरीत इंजिन धड तापणारच नाही. जाळणं अर्ध्यात तुटत राहिलं की जाळण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर ती गाडी आधीपासूनच हे भोगतेय. गाडी चांगली असो वा वाईट, तुमच्या कामाला डिझेल नको, पेट्रोल बघा. रनिंग जास्त वाटलं तरी घाबरू नका, रोज लांब चाललेलं १ लाख ८० हजाराचं इंजिन हे गल्लीत फिरलेल्या ८० हजाराच्या इंजिनापेक्षा बरं असू शकतं, पण पार्सलची गाडी लांब चाललेली नसते, दिवसभर चालू-बंद चालू-बंद.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. मी अशीच पार्सलवाल्यांची गाडी घेतली होती, इंजिनाने त्रास दिला नाही पण बाकी सगळ्याने दिला. सरकता दरवाजा दिवसातून शंभरदा उघडलेला, त्याचे रोलर गेलेले, दरवाजा उघडा असताना धरून वरखाली हलवून बघा, खडखड आली तर रोलर किंवा पट्टी गेली. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा, तिथूनच उतरचढ होते. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला जोरात रेस द्या, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर गेला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला तर क्लच प्लेट संपलीय. मागून उजवी बाजू खाली म्हणजे त्या बाजूचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटलाय किंवा बसलाय, टॉर्च घेऊन खाली बघा, तुटलेला पाटा डोळ्यांना दिसतो.

आणि तुमच्या एका सेंटिमीटरचं उत्तर माझ्याकडे आहे! कमानींवर प्लाय मारलेला असेल ना, तो काढून मोजा. ९ मिलीचा असला तरी दोन्ही बाजू मिळून जवळपास दोन सेंमी मिळतील. पत्र्यापासून पत्र्यापर्यंत मोजायचं.

धागा काढणारी

खूप खूप आभार दोघांचेही, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी न कळवता साडेआठलाच गेले, मैत्रीण सोबत. इंजिन थंड होतं, पहिल्या सेल्फला सुरू झालं, थोडा पांढरा धूर आला तो मिनिटभरात गेला, इथपर्यंत ठीक. बॅटरी जुनीच आहे, चार वर्षांपूर्वीची तारीख. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर, चांगलं बोटभर. पाटा तुटलेला नाही, बसलाय. प्लायचा एक स्क्रू काढून बघितला तर मागे पत्रा लगेच होता, म्हणजे १२२ सहज बसली असती, त्याचं जास्तच वाईट वाटलं.

मग हायवेला नेली, विकणारा सोबत बसला. जाऊन येऊन ३५ किमी. २२ व्या किमीला डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी-२४६३, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा कोड. त्याला दाखवला तर म्हणाला आणखी भाव कमी करतो. मी नको म्हणाले. राग नाही आला, पण पहिल्या दिवशी विचारलं होतं की काही दिवा वगैरे लागतो का, तेव्हा सरळ नाही म्हणाला होता, आणि त्यानंतर बाकीच्या कशावर विश्वास ठेवायचा तेच मला कळेना.

दादा, तुम्ही म्हणालात तसं आता पेट्रोल बघतेय. एक सापडलीय, ९ वर्षांची, ९४ हजार रनिंग, एका इलेक्ट्रिशियनची, बेल्ट आणि पंप बदलल्याची पावती त्याने न मागता फोटो काढून पाठवली, ८८ हजाराला बदललाय. गाडी उद्या दुपारी बघायची आहे, त्याला सांगितलंय की मी येईपर्यंत सुरू करू नका. मागे त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक बोल्ट केलेत, ते काढले तर पत्र्याला भोकं राहतील. ती बुजवायला रबरी बूच पुरतील का पाणी आणि गंजासाठी दुसरं काही लावावं लागेल, एवढं कोणी सांगेल का?