चर्चा: ‘वाद फक्त आमच्याच शहरात’ हे कलम ग्राहक-करारात हवंच कशाला?

शेवटचं_पान:
ऑनलाइन सेवेच्या अटींच्या तळाशी दोन वाक्यं हमखास असतात: करार कोणत्या कायद्याने वाचायचा आणि भांडायचं कोणत्या शहरात. ग्राहकांसाठीच्या सेवेतून दुसरं वाक्य काढून टाकावं, असं माझं म्हणणं. वर्षभराच्या वर्गणीसाठी कोणी समुद्रापलीकडे वकील लावत नाही, आणि कलम लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये फेसबुकचं कॅलिफोर्नियाचं कलम चालू दिलं नाही, ते दोन बाजूंच्या ताकदीतली तफावत आणि खासगीपणाचा हक्क पाहूनच.

मुद्देसूद:
तो निकाल 4 विरुद्ध 3 असा निसटता होता, हेही सांगा की. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये कार्निव्हल क्रूझच्या तिकिटावर छापलेलं फ्लोरिडाचं कलम वैध ठरवलं. प्रवासी ठिकठिकाणचे, एकाच घटनेवरून दहा ठिकाणी खटले उभे राहिले तर खर्च शेवटी तिकिटातच चढतो. तीन माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला तर हा युक्तिवाद जास्तच लागू पडतो.

शेवटचं_पान:
युरोपीय संघात नाही पडत. कंपनी त्या देशातल्या ग्राहकांना उद्देशून व्यवसाय करत असेल, तर ब्रसेल्स नियमावलीप्रमाणे (दावा कुठे लावायचा हे ठरवणारे संघाचे नियम) ग्राहक राहत्या ठिकाणी दावा लावू शकतो. हा हक्क सोडायचा करार वाद उद्भवल्यानंतरच होऊ शकतो. लागू कायद्याचंही तसंच: रोम-1 च्या (करारांना कोणता कायदा लागू हे ठरवणाऱ्या संघाच्या नियमावलीच्या) कलम 6 नुसार ग्राहकाच्या देशातलं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही. ते संरक्षण कायम आहे हे लपवून दिशाभूल करणारं कलम अन्याय्य, असं युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये ॲमेझॉनच्या प्रकरणात सांगितलं. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 आहेच. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. मग उरतं काय? बुजगावणं.

कलमजोड:
दोघेही ग्राहकावरच अडलात. व्यावसायिक ग्राहक असला की हे कलम जिवंत असतं, आणि तिथे घोळ मसुद्यात होतो.

सगळ्यात जास्त घोळ ‘अधिकारक्षेत्र राहील’ या शब्दांचा. हे ‘इथेही चालेल’ की ‘इथेच चालेल’? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेस प्रकरणात ‘फक्त’ हा शब्द नसतानाही ‘इथेच’ असा अर्थ काढला; अमेरिकेत अशाच शब्दांचा अर्थ अनेकदा ‘इथेही’ असा लागतो. तेव्हा ‘अनन्य’, म्हणजे ‘फक्त इथेच’, असं लिहाच. दुसरं, ‘या करारातले वाद’ एवढंच लिहिलं की डेटा गळतीचा नुकसानभरपाईचा दावा बाहेर निसटू शकतो. ‘करारातून किंवा त्याच्या संबंधात उद्भवणारे’ असं हवं. तिसरं, एका कलमात लवाद (न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा) आणि पुढच्यात न्यायालयाचा अनन्य अधिकार, दोन्ही जुन्या नमुन्यांतून उचललेले. मग पहिली काही वर्षं भांडायचं कुठे यावरच भांडण. न्यायालयाकडे अंतरिम आदेश आणि लवादाला साहाय्य एवढंच ठेवा.

आणि भारतातल्या दोन पक्षांना मुळात अधिकारच नसलेलं न्यायालय कराराने निवडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हकम सिंग निकाल, 1971. परदेशी तटस्थ न्यायालयाचं गणित वेगळं.

मुद्देसूद:
बजावणीचं काय? भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली ब्रिटन, सिंगापूरचा हुकूमनामा थेट बजावता येतो. अमेरिकेचा नाही, त्यावर नवा दावा लावावा लागतो. ग्राहकाने घरबसल्या निकाल मिळवला आणि कंपनीची मालमत्ता तिथे नसली, तर हाती कागदच. म्हणून लवाद बरा. 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा बऱ्याच देशांत चालतो.

शेवटचं_पान:
ग्राहकासाठी लवाद? उबरच्या चालकाला नेदरलँड्समधली प्रक्रिया सुरू करायलाच 14,500 डॉलर लागणार होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते कलम मोडीत काढलं.

कलमजोड:
म्हणून दोन वेगळे मसुदे ठेवा. व्यावसायिकांना अनन्य न्यायालय किंवा लवाद, लवादाचं ‘आसन’ (कायद्याने लवाद जिथला मानायचा ते ठिकाण) शहराच्या नावानिशी. ग्राहकांना लागू कायदा तेवढा सांगा आणि पुढे एक ओळ: ‘राहत्या ठिकाणच्या कायद्याने दिलेल्या सक्तीच्या हक्कांना बाधा येणार नाही.’

मुद्देसूद:
ती ओळ मान्य. ठिकाणाचं वाक्य मात्र मी ठेवीन, ‘अनन्य’ शब्द काढून.